नावाचा उच्चार

सोमवारी लीड्सहून फोन आला.
विद्यापीठातली पोरगी, गोड होती, घाईत होती.
"माजी विद्यार्थ्यांचा गौरव समारंभ आहे,
कुलगुरूंच्या तोंडून नाव चुकायला नको,
एकदा सावकाश म्हणून दाखवाल?"

पिंगळे, म्हटलं.
पिंगले.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, मग सोड.
पिंगरे.
जवळ आलीस.
पिंगडे.
आता लांब गेलीस.
दोघी हसलो. तिनं काहीतरी टिपून घेतलं,
इंग्रजीत ळ कसा टिपतात देव जाणे.

आणि हो, केलेलं काम दोनशे शब्दांत पाठवा.

पाठवलं.
अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मोजणारी काचेची नळी,
बत्तीस वर्षं, सात देशांतली इस्पितळं, वगैरे.
मोजले तर एकशे एकोणनव्वद भरले.
उरलेल्या अकरांत लिहिलं:
पहिली नळी तळघरातल्या ग्विलिम प्रॉसरनं फुंकली.
आधीच्या नऊ माझ्या हातून फुटल्या.

छापील पुस्तिकेत ही दोन वाक्यं नव्हती.
"नियमच तसा आहे," पोरगी दारातच कानाशी लागली,
"नावं फक्त पदवीधरांची."
तिचा काय दोष.

ग्विलिमची शाळा पंधराव्या वर्षी सुटली, भट्टी लागली.
रसायनशास्त्राच्या तळघरात
निळ्या ज्योतीपुढे तो बसलेला असायचा
दातांत रबरी नळी धरून, एक डोळा बारीक करून.
गाल फुगवू नकोस, म्हणायचा,
श्वास पोटातून घे,
आणि काचेला हवा असेल तेवढाच दे.

पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं.
तिसऱ्या खेपेला ळ बरोब्बर म्हणाला.
मी बघतच राहिले.
"आमच्या गावाच्या नावातही असाच एक हट्टी ल आहे,
वेल्समधून बाहेर पडलं की कुणाला जमत नाही.
जीभ दातांमागे ठेव, आणि कडांनी वारा सोड."
मी सोडला. थुंकी उडाली. ज्योत फडफडली.
आठवडाभर मोरीपाशी उभी राहून घोकत होते,
भांडी घासणारी माझी घरमालकीण
सर्दी झाली समजून मध द्यायची.
आज हे लिहिताना कळतंय,
त्या आवाजाला आपल्याकडे अक्षरच नाही.

तो गेला त्या मार्चमध्ये
चर्चमध्ये अकरा-बारा माणसं होती.
पाद्र्यानं त्याच्या गावाचं नाव चुकीचं घेतलं,
तेव्हा मागच्या बाकावरून मी ते मोठ्यानं दुरुस्त केलं.
सगळ्या माना वळल्या.
साडी नेसलेली बाई, आणि उच्चार थेट तिथला.
त्याची बहीण तेवढी रडता रडता हसली.

"डॉक्टर शालन पिंगले."

टाळ्या. पायऱ्या. हस्तांदोलन. फोटो.
मागच्या बाकावरून कुणी दुरुस्त केलं नाही.

गौरवचिन्ह म्हणजे काचेचा जड थेंब.
जेवणात तिसरा पदार्थ येईपर्यंत
मी तो टेबलाखाली उलटा करून बघितला.
बुडाशी बोटाला शिवण लागली.
साच्यातला आहे, असं म्हणून
ग्विलिम चहा टाकायला निघून गेला असता.

हॉटेलात झोप येईना.
खाली स्टेशनचे दिवे, कोणीतरी सुटकेस ओढत चाललेलं.
थेंब तोंडापाशी धरला,
पोटातून श्वास सोडला.
काचेवर वाफ धरली.
बोटानं ळ काढला,
शेजारी त्याच्या अक्षराला जागा सोडली.

मग पुसून, लोकरी मोज्यात घालून,
बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.
साच्यातला असला तरी
काचच ती,
आणि माझा हात पहिल्यापासून वाईट.